ट्रॅक्टरचं हेड गेलं : नवं घ्यायचं की जुनंच बनवायचं?



सोयाबीन काढणीला आता फार दिवस नाहीत. औजार बँकेच्या ट्रॅक्टरला एका दिवशी चार-चार घरचे फोन येतील. आणि नेमक्या अशाच दिवसांत ट्रॅक्टर वावरात उभा राहतो. मिस्त्री येतो, बोनेट उघडतो आणि सांगतो, "ताई, हेड गेलं. नवं टाका लागते."

त्यानंतर बैठकीत काय होतं ते मी दोन-तीन गावांत पाहिलंय. सगळ्या एकमेकींकडे बघतात. हेड म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर ड्रायव्हर हसेल, मिस्त्री हसेल, अशी भीती असते. मग कोषाध्यक्ष ताई पासबुक काढतात आणि मिस्त्री सांगेल तेवढे पैसे मोजले जातात.

एकदा तर मीसुद्धा तेच केलं. घाटंजी तालुक्यातल्या एका गटाचा ट्रॅक्टर ऐन मळणीत बंद पडला. गटाच्या ताईंनी मला फोन केला, "काय करायचं मॅडम?" मला इंजिनातलं काहीच कळत नव्हतं. पण तसं म्हणायची लाज वाटली आणि मी सांगून टाकलं, "सीझन चालू आहे, नवंच घ्या." त्यांनी बाजारातलं स्वस्तातलं नवं हेड घेतलं. नऊ दिवस ट्रॅक्टर चालला. दहाव्या दिवशी पुन्हा तापला, आणि नव्या हेडला चीर गेली. पैसेही गेले आणि मळणीही गेली.

नंतर कळलं की पहिलं हेड खराब नव्हतंच. रेडिएटरची जाळी सोयाबीनच्या कुटाराने बुजली होती. वारा लागत नव्हता म्हणून इंजिन तापत होतं. गॅस्केट जळलं होतं आणि हेड थोडं वाकलं होतं, बस्स. कोषाध्यक्ष ताईंनी ते जुनं हेड मिस्त्रीकडे सोडलं नव्हतं. "पैसे देऊन घेतलेलं लोखंड हाय ते," म्हणून त्यांनी ते गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. तेच हेड यवतमाळला नेऊन तपासलं, घासून घेतलं, वॉल्व बसवले. आज त्या ट्रॅक्टरवर तेच जुनं हेड आहे.

तेव्हापासून मी मिस्त्री लोकांना, आयटीआयच्या सरांना विचारत गेले. जे समजलं ते या अंकात लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाला पाना हातात धरावा लागणार नाही. पण निर्णय गटाचा आहे, पैसा गटाचा आहे. म्हणून काय विचारायचं ते आपल्याला माहीत पाहिजे.

हेड म्हणजे काय?

कुकर डोळ्यांसमोर आणा. खालचं भांडं म्हणजे इंजिनाचा ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरमध्ये पिस्टन खाली-वर होतो. वरचं झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये कुकरला रबरी रिंग असते, तसं इंजिनाला हेड गॅस्केट असतं.

पण हे झाकण साधं नाही. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व याच झाकणात असतात. डिझेलचा फवारा मारणारं नोझलही इथेच बसतं. आणि झाकणाच्या आतून पाण्याच्या वाटा काढलेल्या असतात, म्हणजे ते थंड राहावं.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला इतकं दाबतो की ती साधारण १६ ते २० पट लहान जागेत कोंबली जाते. त्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि डिझेल आपोआप पेट घेतं. हा सगळा दाब आणि ताप हेड सोसतं. म्हणून झाकण जरा वाकलं, वॉल्व नीट बसला नाही किंवा गॅस्केट जळलं की दाब निसटतो. ट्रॅक्टरला जोर राहत नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, पाणी कमी होत जातं.

ट्रॅक्टरची आणि शेतीपंपाच्या इंजिनांची हेडं बहुतेक बिडाची असतात. आपला बिडाचा तवा असतो ना, तेच लोखंड. बीड ताप चांगला सोसतं. पण तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतलं की तो तडकतो. हेडचंही तसंच आहे.

बिडाचं हेड दुरुस्त करून वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही डिझेल इंजिनाची कंपनी पुण्यात सुरू झाली. साताऱ्याच्या कूपर कंपनीची इंजिनंही गावोगावी विहिरींवर बसली. नवा पार्ट हाताशी नसायचा, तेव्हा तालुक्याच्या लेथवाल्याकडे हेड नेऊन बनवून आणायचे. आज बाजारात नवं हेड सहज मिळतं, म्हणून आता प्रश्न निवडीचा झाला आहे.

पहिला प्रश्न : हेड का गेलं?

"हेड गेलं" हे ऐकल्यावर आपण लगेच किंमत विचारतो. त्याआधी कारण विचारा. हेड बहुतेक वेळा आपणहून जात नाही, ते तापून जातं. आणि तापायची कारणं बाहेर असतात :

रेडिएटरच्या जाळीत कुटार, धूळ, कापसाचे तंतू अडकलेले असतात.
फॅनचा पट्टा ढिला झालेला किंवा घासलेला असतो.
वॉटर पंप गळतो किंवा थर्मोस्टॅट अडकतो.
रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं असतं. आपल्या भागातलं बरंच बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच थर हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटांना बसतो. वाट अरुंद झाली की ताप बाहेर पडत नाही.

कारण तसंच ठेवून नवं हेड बसवलं तर तेही जाणार. माझ्या सांगण्यावरून त्या गटाचं जे नुकसान झालं, ते याच चुकीने झालं. म्हणून मिस्त्रीला सरळ म्हणा, "दादा, हेडचं नंतर पाहू. आधी तापलं काहून ते सांगा."

दुसरा प्रश्न : नेमकं काय गेलं?

ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असले, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असला, तर मिस्त्री म्हणतो हेड गेलं. ही लक्षणं खरी आहेत. पण नुसतं गॅस्केट जळलं तरी हीच लक्षणं दिसतात. लायनरच्या खालच्या रबरी रिंगांतून पाणी उतरलं तरी ऑइल दुधाळ होतं. कुकरमधून वाफ निघाली म्हणून आपण लगेच झाकण फेकत नाही, आधी रिंग बघतो. इथेही तसंच.

म्हणून हेड उतरवल्यावर ते तपासून घ्यायचं. ही तपासणी लेथ आणि इंजिनकामाच्या दुकानात होते. यवतमाळ, पुसद, वणी अशा मोठ्या बाजाराच्या गावी चौकशी करा. तपासणीचे पैसे नव्या हेडच्या मानाने थोडे असतात. चार गोष्टी तपासायला सांगा.

१. हेड सपाट आहे का? हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवतात आणि खालून फिलर गेजची पातळ पात सरकवून बघतात. पात आत गेली म्हणजे हेड वाकलंय. बऱ्याच इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी वाकही जास्त धरतात. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तकात असते.

२. चीर आहे का? हेड स्वच्छ धुऊन त्यावर लाल रंगाचं पातळ औषध मारतात, पुसून घेतात आणि वरून पांढरी पावडर फवारतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. हे आपल्या डोळ्यांना दिसतं, त्यासाठी मिस्त्री असायची गरज नाही. आतल्या पाण्याच्या वाटांसाठी दुसरी तपासणी असते. सगळी तोंडं बंद करून हवा भरतात आणि हेड पाण्यात बुडवतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच. बुडबुडे आले तर चीर आहे.

३. वॉल्व, गाईड आणि सीट कशी आहेत? वॉल्व ज्या नळीत सरकतो ती गाईड, आणि ज्या कडेवर टेकतो ती सीट. या झिजणाऱ्याच वस्तू आहेत आणि त्या बदलता येतात.

४. हेडची जाडी किती उरली? आधी कधी घासलेलं असेल तर आता पुन्हा घासायला जागा आहे का, हे मोजूनच कळतं.

काय दुरुस्त होतं, काय होत नाही?

वॉल्व नीट टेकत नसेल तर तो घासून बसवता येतो. सीट जळली असेल तर कापून नवी रिंग ठोकता येते. गाईड बदलता येतात. हेड थोडं वाकलं असेल तर मशीनवर त्याचा फेस घासून सपाट करता येतो. एवढंच असेल तर जुनं हेड बनवून घेणं बहुधा शहाणपणाचं असतं. मूळ कंपनीचं ओतकाम आहे, त्याची मापं जुळलेली आहेत, आणि ते इंजिन त्याच्यावर चाललेलं आहे.

फेस घासताना मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. फेस घासला की वॉल्व पिस्टनच्या जवळ येतो. डिझेल इंजिनात ही जागा फार थोडी असते. वॉल्व हेडच्या सपाटीपासून किती आत बसला पाहिजे याचं माप ठरलेलं आहे. जास्त बाहेर आला तर पिस्टन त्याच्यावर आपटेल. सीट जास्त कापून तो फार आत गेला तर दाब कमी पडेल. म्हणून "घासून देतो" एवढ्यावर थांबू नका. "घासल्यावर वॉल्वचं माप घेणार ना?" असं विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट खूश होतो.

आता दुसरी बाजू. पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली चीर, नोझलच्या भोकाजवळची चीर, गंजून खाल्लेल्या पाण्याच्या भोकांच्या कडा, आणि घासायला जाडीच न उरलेलं हेड, यांच्यावर पैसे घालू नका. "वेल्डिंग मारून देतो" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. बिडाचं वेल्डिंग करायचं तर आख्खं हेड आधी तापवावं लागतं, खास रॉड वापरावी लागते आणि नंतर ते हळूहळू थंड करावं लागतं. गेटाला मारतात तसं साधं वेल्डिंग मारलं तर टाक्याच्या बाजूचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, आणि थोड्याच दिवसांत शेजारी नवी चीर जाते. काही मोठ्या वर्कशॉपमध्ये न तापवता पिना बसवून चीर शिवतात. ते काम चांगलं होऊ शकतं, पण ते प्रत्येक गावात होत नाही.

नवं म्हणजे कोणतं नवं?

दुकानात "नवं हेड" मागितलं तर तीन प्रकारचा माल समोर येऊ शकतो.

एक, ट्रॅक्टर कंपनीचं स्वतःचं. महाग असतं, कधी मागवावं लागतं, पण माप चुकायची भीती कमी.

दोन, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेलं. याला कोणी लोकल म्हणतात. हे सगळंच वाईट नसतं. काही कंपन्या चांगला माल बनवतात आणि बिलावर हमी देतात. काहींचं ओतकाम कच्चं असतं.

तीन, मूळ कंपनीचा डबा आणि शिक्का वापरून विकलेला नकली माल. हा घ्यायचाच नाही. भाव फारच कमी असेल आणि दुकानदार बिल द्यायला का-कू करत असेल, तर तिथून परत या.

याशिवाय भंगारातल्या ट्रॅक्टरचं हेडही मिळतं. ते घ्यायचं तर आधी तपासणी, मगच पैसे.

दुसऱ्या कंपनीचं हेड घेताना या गोष्टी बघा. ट्रॅक्टरचं मॉडेल आणि इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर लिहून न्या. शक्य असेल तर जुनं हेडच सोबत न्या. नवं गॅस्केट नव्या हेडवर ठेवून सगळी भोकं जुळतात का बघा. दोन्ही हेडांचं वजन करा. नवं खूप हलकं भरलं तर बीड कुठेतरी पातळ आहे. हेड रिकामं आहे की वॉल्व, स्प्रिंग, गाईडसकट आहे ते विचारा. नाहीतर स्वस्त वाटलेलं हेड वॉल्वचे पैसे जोडल्यावर महाग पडतं. आणि नवं असलं तरी बसवण्याआधी पट्टी ठेवून सपाट आहे का बघायला लावा, आतल्या वाटा हवेने साफ करायला लावा. ओतकामातली वाळू कधी कधी आत राहिलेली असते. ती सुटली तर पाण्याची वाट बुजते.

अजून एक. काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला वेगळं छोटं हेड असतं, काहींत सगळ्या सिलिंडरवर मिळून एकच लांब हेड असतं. वेगळी हेडं असतील तर जे गेलं तेवढंच बदलता येतं. "तिन्ही बदला" असं कोणी म्हणालं तर प्रत्येकाचा तपासणीचा निकाल मागा.

तिसरा प्रश्न : आपण किती दिवस थांबू शकतो?

आता हिशोब करू. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्याकडचे खरे भाव कोटेशनवरून घाला. गॅस्केट सेट १,८०० आणि बसवायची मजुरी २,५०० रुपये हे तिन्ही पर्यायांत सारखंच लागतं.

पर्याय १, जुनं बनवणं : तपासणी ८००, सीट-गाईड-वॉल्व आणि फेसचं काम ६,५००, गॅस्केट आणि मजुरी ४,३००, नेणं-आणणं ६००. एकूण १२,२०० रुपये. ट्रॅक्टर बंद ६ दिवस.

पर्याय २, दुसऱ्या कंपनीचं नवं : हेड १३,०००, गॅस्केट आणि मजुरी ४,३००, नेणं-आणणं ४००. एकूण १७,७०० रुपये. बंद २ दिवस.

पर्याय ३, मूळ कंपनीचं नवं : हेड २२,०००, गॅस्केट आणि मजुरी ४,३००, नेणं-आणणं ४००. एकूण २६,७०० रुपये. बंद ४ दिवस.

नुसतं एवढं बघितलं तर जुनं बनवणं सगळ्यांत स्वस्त. पण मळणीच्या दिवसांत डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च जाऊन ट्रॅक्टर गटाला दिवसाला १,५०० रुपये मिळवून देत असेल, तर बंद दिवसांचाही पैसा धरला पाहिजे. मग पर्याय १ मध्ये ९,००० मिळवा, होतात २१,२००. पर्याय २ मध्ये ३,००० मिळवा, होतात २०,७००. पर्याय ३ मध्ये ६,००० मिळवा, होतात ३२,७००.

बघा, सीझनमध्ये पहिला आणि दुसरा पर्याय जवळजवळ सारखे झाले. हेच हेड मे महिन्यात, काम नसताना गेलं असतं तर जुनं बनवून घेण्यात साडेपाच हजार वाचले असते. म्हणजे हेड तेच, भाव तेच, पण ऑक्टोबरचं उत्तर वेगळं आणि मे महिन्याचं वेगळं. शेजारच्या गावच्या गटाने नवं घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, असं म्हणूनच चालत नाही.

दोन पर्याय सारखेच आले तर हमी बघा. कोण किती महिन्यांची जबाबदारी कागदावर लिहून देतो? जो लिहून देतो त्याच्याकडे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि एक मधला रस्ताही आहे : सीझनमध्ये नवं बसवून काम चालू ठेवायचं आणि जुनं हेड सवडीने बनवून गटाकडे जपून ठेवायचं. पुढच्या वेळी ट्रॅक्टर दोन दिवसांच्या वर बंद राहणार नाही.

चौथा प्रश्न : बाकीचं इंजिन कसं आहे?

नव्या साडीला जुनं फाटकं अस्तर लावल्यासारखं होऊ नये. हेड चांगलं झालं की दाब पुरा बसतो, आणि तो खालच्या घासलेल्या रिंगांवर आणि लायनरवर येतो. त्या आधीच झिजल्या असतील तर इंजिन ऑइल खायला लागतं, निळसर धूर येतो. मग लोक म्हणतात नवं हेडच वाईट निघालं. म्हणून हेड उतरवलेलं असतानाच लायनर आणि पिस्टन बघून घ्यायला सांगा. ट्रॅक्टर आणखी पाच-सात वर्षं वापरायचा असेल तर चांगला खर्च करायला हरकत नाही. दोन वर्षांत विकायचा विचार असेल तर महागडं हेड घालून तो पैसा परत येत नाही.

बसवतानाही हेड जातं

हेड चांगलं असूनही बसवताना बिघडतं. एकदा उतरवलेलं गॅस्केट पुन्हा वापरू देऊ नका, दोन-तीनशे वाचवायच्या नादात सगळं काम वाया जातं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. शेवटची फेरी टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने. "हाताच्या अंदाजाने बसते" असं म्हणणाऱ्याला पाना आणायला सांगा. काही इंजिनांत गरम करून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात आणि टॅपेटची फट पुन्हा लावायची असते. ते कधी करणार, हे बिलावरच लिहून घ्या.

निर्णय बैठकीत, कागदावर

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक आणि अद्ययावत लेखे आहेत. दुरुस्तीलाही तेच लागू करा.

घाई असली तरी अर्ध्या तासाची बैठक घ्या. तपासणीचा निकाल आणि निदान दोन कोटेशन समोर ठेवा. ठराव लिहा : हेड का गेलं, काय तपासलं, कोणता पर्याय, किती रुपये, किती दिवस. दुकानात दोघी जा, एकटीने जाऊ नका. बिल गटाच्या नावाने घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि हमी लिहून घ्या. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत आणा. माल खराब निघाला तर पहिला प्रश्न "बिल आहे का?" हाच असतो, मग तुम्ही दुकानदाराशी बोला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर विचारा.

आणि पैसा. हेड गेल्यावर वर्गणी काढायची वेळ येऊ नये. ट्रॅक्टर जितके तास चालला त्या प्रत्येक तासामागे काही रक्कम दुरुस्ती निधीत टाका. तासाला ४० रुपये धरले आणि वर्षात ५०० तास चालला तर २०,००० रुपये जमतात. वरच्या हिशोबातले पहिले दोन्ही पर्याय त्यात बसतात. कोणाच्याही कर्जाच्या हप्त्याला हात लागत नाही.

हेड जाऊच नये म्हणून

मळणी चालू असताना रोज दोनदा-तीनदा इंजिन बंद करून रेडिएटरची जाळी ब्रशने साफ करा.
बोअरचं पाणी नको. कूलंट भरा, तो किती आणि कशात मिसळायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं.
ताप दाखवणारा काटा वर गेला की आधी थ्रेशरचं काम थांबवायचं. "एवढं कुडं होऊ द्या" म्हणायचं नाही.
गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आणि गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही.
जड कामानंतर इंजिन लगेच बंद करू नका. काही मिनिटं हळू चालू द्या.

ही यादी ड्रायव्हरदादांना वाचून दाखवा आणि ट्रॅक्टरच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर चिकटवा.

ज्या गटाचं मी वर लिहिलं, तिथे आता रोज संध्याकाळी एक ताई लॉगबुकमध्ये तीन गोष्टी लिहितात : किती तास चाललं, जाळी साफ केली का, काटा किती वर गेला होता. गेल्या वेळी मी गेले तेव्हा मिस्त्री काहीतरी पार्ट बदलायचं म्हणत होता. कोषाध्यक्ष ताईंनी त्याला शांतपणे विचारलं, "गेलं काहून ते आधी सांग बाप्पा, मंग पैशाचं बोलू." मिस्त्री खाली बसला आणि पुन्हा तपासायला लागला.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हे पान वाचा. तुमच्या ट्रॅक्टरचं किंवा इंजिनाचं शेवटचं मोठं काम कधी झालं, किती खर्च आला आणि जुना पार्ट कुठे आहे, एवढं लिहून सीआरपी ताईंकडे द्या. सोयाबीन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक औजार बँकेची रेडिएटर तपासणी आपण मिळून करू.